वक्फची नोंद संगणकात, उत्पन्न कोणाच्या खिशात?

वक्फ म्हणजे अल्लाहच्या नावे कायमची दान केलेली मालमत्ता. ती विकायची नाही, वाटून घ्यायची नाही. तिच्या उत्पन्नातून मशीद, मदरसा, कबरस्तान चालावे आणि विधवा, अनाथ, गोरगरिबांना आधार मिळावा, हा तिचा हेतू. तो कितपत साध्य झाला, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले. नोंदणीकृत मालमत्ता ४ लाख ९० हजारांवर, जमीन सुमारे ६ लाख एकर, बाजारभावाने किंमत १ लाख २० हजार कोटी आणि वर्षाचे उत्पन्न केवळ १६३ कोटी रुपये! दहा टक्के दराने हेच उत्पन्न १२ हजार कोटी झाले असते. मग गरिबाचा वाटा कोणी खाल्ला? अतिक्रमण करणाऱ्यांनी, नाममात्र भाड्याने जागा अडवून बसलेल्यांनी, आणि त्यात सरकारी खातीही आहेत!

म्हणूनच हा हिशेब संगणकावर येण्याचे आम्ही स्वागतच करतो. ६ जून २०२५ रोजी केंद्राने 'उम्मीद' पोर्टल सुरू केले. मालमत्तेच्या चतुःसीमा, ताबा, मुतवल्ली, उत्पन्न, खर्च, कोर्टातील दावे अशी माहिती त्यावर भरायची. परंतु मुदत अवघी सहा महिन्यांची! वक्फचा दस्त 'उपलब्ध असल्यास' द्यावा, असे कायदाच म्हणतो. तरीही पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी तोंडी झालेल्या दानाची माहिती खेड्यातील मुतवल्लीने एवढ्या अवधीत कशी जुळवावी? १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारली व वक्फ न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले. मुदत संपली तेव्हा सुमारे ५ लाख १७ हजार मालमत्तांची नोंद सुरू झालेली होती, मंजूर झाल्या सुमारे २ लाख १७ हजार. सरकारच्याच जुन्या 'वामसी' यादीत मात्र ८ लाख ७२ हजार मालमत्ता होत्या!

कागद नाही म्हणून हक्क नाही, हा न्याय गायरान कसणाऱ्या आमच्या माणसांनी पुरेपूर भोगला आहे. संविधानाच्या अनुच्छेद २६ ने प्रत्येक धर्मसंप्रदायास आपली मालमत्ता कायद्यानुसार सांभाळण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क पोर्टलच्या मुदतीत अडकता कामा नये.

आमची मागणी साधी आहे. तालुक्या-तालुक्यात नोंदणीसाठी विनामूल्य कायदेशीर मदत मिळावी. कोणती जागा कोणाला किती भाड्याने दिली आणि त्यातून किती गरिबांना काय मिळाले, हे पिंजारी, बागवान, तांबोळी, फकीर समाजातील कष्टकरी मुसलमानाला आपल्या मोबाईलवर पाहता यावे. जमिनीची नोंद झाली, आता गरिबाच्या वाट्याची नोंद कधी होणार?