पांढऱ्या कागदासमोरची नळी

संपादकांनी मला इक्मो यंत्र बघायला पाठवलं होतं. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात मी दोन दिवस बसले. यंत्र पाहिलं, पण नजर खिळून राहिली ती करंगळीएवढ्या एका नळीवर.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगते. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय आणि फुफ्फुसाचं काम शरीराबाहेर करणारं यंत्र लावून हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी केली. ते यंत्र शस्त्रक्रियेपुरतं होतं. तेच काम दिवसेंदिवस कसं चालवायचं, हे रॉबर्ट बार्टलेट यांनी दाखवलं; तेच इक्मो. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात श्वास कोंडलेली एक नवजात मुलगी त्यांच्या यंत्रावर जगली. परिचारिकांनी तिचं नाव एस्पेरान्झा, म्हणजे आशा, ठेवलं. पुढे ब्रिटनमध्ये १८५ बाळांची रीतसर चाचणी झाली आणि इक्मोकडे पाठवलेल्या बाळांमध्ये मृत्यू स्पष्टपणे कमी आढळले. तिचे निकाल १९९६ मध्ये छापून आले.

मी पाहिलेलं बाळ तीन किलोचं होतं. एवढ्या बाळाच्या अंगात रक्त असतं अडीचशे मिलिलीटरच्या आसपास, अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी निम्मी भरेल इतकंच. यंत्राच्या नळ्यांनाच जवळपास तेवढं किंवा त्याहून जास्त रक्त लागतं, म्हणून त्या आधी रक्तपेढीच्या रक्ताने भरून घेतात. मानेच्या उजव्या शिरेतून काळपट रक्त बाहेर येतं, पंपातून आणि ऑक्सिजनेटरमधून जातं आणि लालभडक होऊन धमनीतून परत जातं. मिनिटाला साधारण ३०० मिलिलीटर. म्हणजे बाळाच्या अंगातल्या सगळ्या रक्ताएवढं रक्त दर मिनिटाला यंत्रातून जातं, आणि हे थांबत नाही.

हे यंत्र सांभाळणाऱ्या परफ्युजनिस्टला सगळे ताई म्हणतात. ताईंचा एक हात कायम नळीवर असतो. स्क्रीनवर सगळे आकडे दिसत असतात, तरी. दुपारी त्या हाताने टिपलं की नळी किंचित थरथरतेय. ‘‘सिस्टर, लाइन चॅटर करतेय,’’ असं म्हणत त्यांनी पंपाचे फेरे थोडे उतरवले आणि डॉक्टरांना हाक मारली. बाळ देऊ शकतं त्याहून जास्त रक्त पंप ओढायला लागला की नळीत नको इतका ऋण दाब तयार होतो. त्या ओढाताणीत लाल पेशी फुटतात. पंपाच्या डोक्यात गुठळी धरली तरी फुटतात. रक्तपेढीतल्या जुन्या पेशी तर आधीच नाजूक झालेल्या असतात.

पेशी फुटली की हिमोग्लोबिन सांडतं, आणि शरीर त्याचं आधी हिरवं, मग पिवळं द्रव्य करतं. मुका मार लागल्यावर कातडीवर आपण हेच पाहतो, निळ्याचं हिरवट आणि हिरवटाचं पिवळं. ते पिवळं म्हणजे बिलिरुबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमागे सुमारे ३५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाचं यकृत ते सहज पित्तात सोडतं. नवजात बाळाच्या यकृतात ते काम करणारं विकर अजून अपुरं असतं. साठलेलं बिलिरुबिन मेंदूत शिरलं तर कायमची इजा करू शकतं.

बाहेर बाकावर बाळाची आजी बसली होती. ‘‘कोवळ्या उन्हात धरलं असतं ना, पिवळेपणा उतरला असता,’’ त्या मला म्हणाल्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. १९५६ मध्ये इंग्लंडातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड बाळांना उन्हात नेत. एका बाळाची कातडी उन्हाने फिकी झाली आणि चादरीखाली राहिलेला तुकडा तेवढा पिवळा उरला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. तिथेच खिडकीत राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातलं बिलिरुबिनही उतरलेलं सापडलं. निळ्या दिव्यांची आजची फोटोथेरपी त्यातूनच आली.

पण इक्मोवरच्या बाळाची गोष्ट इथे गुंतागुंतीची होते, आणि माझा जीव तिथेच अडकला. यकृताने प्रक्रिया केलेलं, पण पित्तात न उतरता रक्तात परतलेलं बिलिरुबिनही असतं. त्यावर हा दिवा चालत नाही, उलट बाळाची कातडी तांबूस-करडी पडू शकते. इक्मोवर दिवस वाढतात तसा हा दुसरा प्रकार डोकं वर काढतो. फुटलेल्या पेशींचा भार, आजारात यकृताला कमी पडलेलं रक्त, जंतुसंसर्ग आणि शिरेतून दिलेलं पोषण ही सगळी कारणं एकमेकांत मिसळलेली असतात. म्हणून एकूण आकडा पुरत नाही, दोन्ही प्रकार वेगळे मोजावे लागतात.

ताई रक्ताच्या नमुन्याची छोटी नळी फिरवून वर आलेला द्रव पांढऱ्या कागदासमोर धरतात. गुलाबी छटा आली की पेशी आत्ता फुटताहेत, पंप आणि ऑक्सिजनेटर तपासायचा. नुसता हळदीसारखा पिवळा दिसला तर यकृताकडे वळायचं. अर्थात प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंतचा हा अंदाज. पण मला भीती वाटली ती पुढचं ऐकून. गुठळी होऊ नये म्हणून बाळाला हेपारिन चालू असतं. त्याचा असर मोजणारी अँटी-टेन-ए ही चाचणी रंगावर चालते. नमुन्यात पिवळा रंग सुटतो, आणि तो जितका गडद तितकं हेपारिन कमी, असं उपकरण समजतं. रक्तच पिवळं असेल तर उपकरण तोही रंग हिशेबात धरतं. हेपारिन पुरेसं असताना कमी दिसतं. सांडलेलं हिमोग्लोबिनही अशीच फसगत करतं. त्या आकड्यावर कोणी डोस वाढवला, तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि इक्मोवरच्या बाळाच्या बाबतीत सगळे सर्वात जास्त त्यालाच धास्तावलेले असतात.

‘‘डॉक्टर, सॅम्पल पिवळं आहे, एकट्या अँटी-टेन-एवर जाऊ नका,’’ संध्याकाळी ताईंनी नव्या निवासी डॉक्टरला सांगितलं. त्याने डोस तसाच ठेवला आणि दुसऱ्या पद्धतीची चाचणीही पाठवली.

यंत्र निघाल्यावर बहुतेक बाळांचा हा पिवळेपणा हळूहळू ओसरतो, पण त्याला आठवडे लागतात. त्या बाळाचं यंत्र अजून निघालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ताईंनी नमुन्याची नवी नळी रात्रीच्या नळीशेजारी धरली. गुलाबी गेलं होतं. पिवळं तेवढंच होतं. त्यांनी नळीवर वेळ लिहिली आणि हात पुन्हा लाइनवर ठेवला.