चित्रात आहे, पडद्यावर नाही

सिस्टीमचा लॉग कसा वाचायचा ते आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण सांगलीहून एक मेल आलाय. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांनी ही लेखमाला वाचून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट चढवलं. त्यांची तक्रार अशी : झाकण मिटून जेवायला जातो, परत येऊन उघडतो, तर सगळं जागच्या जागी आणि माउसचा बाण तेवढा गायब. दोन माउस बदलून झाले, तिसरा नातवाने आणून दिला. शेवटी दर वेळी मशीन बंद करून चालू करावं लागतं.

मी म्हटलं, पुढच्या वेळी असं झालं की स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि पाठवा. तो आला. खाली लिहिलेलं, ‘बघा, बाण कुठेच नाही.’ मी उघडून बघतो तर पडद्याच्या मधोमध बाण ठसठशीत उभा! साहेब चेष्टा करताहेत की माझा चष्मा बदलायला आलाय, कळेना. फोन केला, तर ते जरा रागावलेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसाच पडदा मोबाइलने टिपून पाठवला. त्यात बाण नव्हता.

खरं तर स्क्रीनशॉट पाहिल्यावरच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

बाण म्हणून आपण जे बघतो, त्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे जागा. डावीकडून इतके ठिपके, वरून इतके ठिपके, एवढाच आकड्यांचा जोड. तो पडदा आणि माउस यांचा कारभार बघणारा एक्स सर्व्हर हा प्रोग्राम सांभाळतो आणि क्लिक कुठे पडलं ते त्यावरूनच ठरतं. दुसरी म्हणजे त्या जागी दिसणारं चित्र. माउस हलवल्यावर बाण दिसला नाही, पण खालच्या पट्टीतली बटणं एकेक करून उजळत गेली, तर जागा शाबूत आहे आणि फक्त चित्र गेलंय असं समजावं. असं होतं का, विचारल्यावर साहेब म्हणाले, ‘होतं की! भुताटकीसारखं.’ म्हणजे तिन्ही माउस निर्दोष.

चित्र गेलं कुठे, हे समजायला त्यांच्या पिढीला सोपं जावं. त्यांनी कॉलेजात स्लाइड रूल वापरलेली. तिच्यावर मागेपुढे सरकणारी काचेची चौकट असते, मध्ये केसासारखी रेघ. तिचं नाव कर्सर. शब्द लॅटिन, अर्थ धावणारा. आपल्या पडद्यावरच्या कर्सरची रचना हुबेहूब तशीच आहे. बाण खालच्या चित्रात रंगवलेला नसतोच. तसा रंगवला, तर माउस जरा हलला की त्याखालचा तुकडा पुन्हा काढावा लागेल. म्हणून ग्राफिक्स चिपमध्ये एक छोटा वेगळा थर ठेवतात, जुन्या चिपांमध्ये बहुधा ६४ बाय ६४ ठिपक्यांचा, आणि पडद्याकडे जाणाऱ्या चित्रावर तो अलगद सरकवत राहतात. याला हार्डवेअर कर्सर म्हणतात. १९८५ च्या अमिगा संगणकातही बाण असाच वेगळा, खास सर्किटमधून यायचा. काच निसटून पडली तरी पट्टीवरचे आकडे पुसले जात नाहीत, तसं सांगलीत झालं.

आणि स्क्रीनशॉट? तो घेणारा प्रोग्राम काचेकडे बघतच नाही. तो एक्स सर्व्हरला विचारतो, सध्या बाण कोणत्या आकाराचा आहे आणि कुठे आहे, आणि मिळालेलं चित्र आपल्या हाताने वर डकवतो. पॉइंटरसकट चित्र घ्यायची खूण साहेबांच्या मशीनवर केलेली होती. त्यामुळे पडद्यावर नसलेला बाण चित्रात आला.

झाकण मिटल्यावरच हे का होतं? झोपेत ग्राफिक्स चिपची वीज जाते आणि तिला सगळ्याचा विसर पडतो. जागं झाल्यावर ड्रायव्हरने तिला पहिल्यापासून पढवायचं : पडद्याचं माप हे, चित्र इथून घे, बाणाचा थर हा, तो चालू कर. यातलं शेवटचं वाक्य राहून गेलं की बाकी सारं दिसतं आणि बाण दिसत नाही. ही ड्रायव्हरची चूक.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. कंट्रोल, आल्ट आणि एफ१ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन विचारणारी अक्षरं येतील. घाबरू नका, काही टाइपही करू नका. आता कंट्रोल, आल्ट, एफ७. तुमचं डेस्कटॉप जसंच्या तसं परत येतं, बहुधा बाणासकट. एक्स सर्व्हरने मधल्या वेळात चिपचा ताबा सोडलेला असतो. परत घेताना तो सगळं नव्याने पढवतो आणि राहिलेलं वाक्य या वेळी म्हटलं जातं. काही लॅपटॉपवर सोबत एफएन हे बटणही दाबावं लागतं. ग्नोम डेस्कटॉपवाल्या उबुंटूत आकडे वेगळे : जाताना एफ३, येताना बहुतेक वेळा एफ२.

रोजच हा त्रास असेल, तर काच काढून टाकायची. एक्सच्या सेटिंगच्या फाइलीत ‘एसडब्ल्यू कर्सर’ हा पर्याय चालू केला की बाण थेट चित्रातच रंगवला जातो. कधीकधी तो किंचित लुकलुकतो, पण हरवत नाही. ती फाइल अक्षरन् अक्षर इथे छापत नाही, कारण एक कंस चुकला तर डेस्कटॉपच उघडणार नाही आणि मला सगळीकडून फोन येतील. मेल करा, पाठवतो.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे. जागा शाबूत आहे का हे तपासायला मी वर्षानुवर्षं एकच हत्यार वापरतो : एक्सआइज. कंट्रोल, आल्ट, टी दाबून टर्मिनल उघडायचं आणि हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत सलग टाइप करायचा. दोन मोठे डोळे उघडतात आणि माउस जाईल तिकडे बुबुळं फिरवतात. बस्स, दुसरं काहीही येत नाही त्यांना. जेरेमी हक्स्टेबल यांनी हा प्रोग्राम सन कंपनीच्या न्यूज या विंडो सिस्टीमसाठी लिहिला होता. १९८८ च्या सिग्राफ परिषदेत दिसलेल्या त्या प्रोग्रामवरून कीथ पॅकार्ड यांनी तो एक्सवर आणला. लोक त्याला खेळणं समजतात. मला विचाराल तर बाण दिसत नसताना त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. बुबुळं हलली तर चित्र गेलंय. ठप्प राहिली तर माउस, टचपॅड किंवा त्याची वायर बघा. टचपॅड बंद करणारं बटण बोटाखाली चुकून दाबलं जातं, ते आधी तपासा.

एक पथ्य मात्र पाळा. तुमचं डेस्कटॉप एक्सऐवजी वेलँडवर चालत असेल तर हे डोळे अर्धवट आंधळे असतात. जुन्या, एक्स पद्धतीच्या खिडक्यांवरून बाण गेला तरच त्यांना तो दिसतो, एरवी ते थिजून राहतात. तिथे लिबइनपुटची डीबग-इव्हेंट्स ही आज्ञा सुडो लावून चालवावी. माउस हलला की ओळी भराभर धावतात.

बाण मुद्दाम लपवलेला असण्याचीही शक्यता असते. अनक्लटर नावाचा प्रोग्राम माउस काही सेकंद स्वस्थ राहिला की बाण झाकतो. ते त्याचं कामच आहे, आणि आपण तो कधी बसवला हे आपण विसरलेलो असतो. ग्नोम ३ च्या सुरुवातीच्या वर्षांतला शहाणपणा मात्र मला अजून खटकतो. टचस्क्रीनवर बाण कशाला हवा, म्हणून ग्नोमच्या सेटिंग सांभाळणाऱ्या प्रोग्रामात बाण लपवणारा एक भाग घातला होता. त्याचा अंदाज चुकला की साध्या, माउसवाल्या मशीनवरही लॉगिन केल्याबरोबर बाण नाहीसा व्हायचा. एका ओळीच्या आज्ञेने तो भाग बंद करायचा, हाच तेव्हाचा रामबाण होता. माणसाने न विचारता दाखवलेलं शहाणपण आणि मशीनने दाखवलेलं, यात मला मशीनचं जास्त जाचतं.

सांगलीच्या साहेबांना एफ१ आणि एफ७ पुरलं. लॉगचं प्रकरण पुढच्या आठवड्यात. ज्यांचा बाण हरवतो त्यांनी मेल करताना दोन चित्रं जोडावीत : एक स्क्रीनशॉट आणि एक मोबाइलने काढलेला फोटो. आणि एक्सआइज चालवून बुबुळं हलली की नाही, तेही कळवा.