शीर्षकात 'स्त्री' नसलेला निबंध

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक यादी केली होती. विषय, एकोणिसाव्या शतकातल्या मराठी स्त्रियांचं हक्कांविषयीचं लेखन. पद्धत एकदम सोपी: ग्रंथसूची घ्यायची आणि शीर्षकात स्त्री, नारी, महिला असे शब्द शोधायचे. ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' आणि पंडिता रमाबाईंचं 'स्त्रीधर्मनीति', दोन्ही १८८२ ची, लगेच सापडली. मग सिनॉप्सिसमध्ये मी बिनधास्त लिहून टाकलं की सुरुवात १८८२ पासून. गाईड मॅडमनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: '१८५५?'

१८५५ म्हणजे मुक्ता साळवे. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी, साधारण चौदा वर्षांची मातंग मुलगी. तिचा 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. हे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झालं ते आमच्या नगरलाच. मी नगरचा, आणि तरी हा निबंध माझ्या चाळणीतून निसटला, कारण शीर्षकात 'स्त्री' नाही!

पण निबंध वाचून बघा. पेशवाईतले जुलूम सांगता सांगता मुक्ता बाळंतिणीपाशी येते. डोक्यावर छप्पर नाही, थंडीपावसात बाळंतपण. आता हे दुःख जातीचं की बाईचं? वेगळे कप्पे करायला गेलात की तिचं म्हणणंच हातातून जातं.

असाच घोळ फ्लोरा त्रिस्तां या फ्रेंच समाजवादी लेखिकेबाबत होऊ शकतो. लग्नाआधी ती एका लिथोग्राफरकडे रंग भरायचं काम करायची, पुढे त्याच्याशीच लग्न झालं. ती त्याला सोडून निघाली, पण फ्रान्समध्ये १८१६ पासून घटस्फोट बंद होता. १८४३ मध्ये तिने पुस्तक लिहिलं ते कामगारांच्या एकजुटीवर. शीर्षकात स्त्रिया नाहीत. आत मात्र, मी स्त्रियांचा विषय का काढते आहे हे सांगणारं अख्खं प्रकरण आहे. मुलीला शाळा नाही, बाईला मजुरी कमी, आणि त्याचा फटका कामगाराच्या घरालाच बसतो, असा तिचा मुद्दा. म्हणजे बाईचा प्रश्न तिथे वर्गाच्या पोटात, इथे जातीच्या.

इथे एक मोह होतो, मलाही झाला: १८४३ वरून १८५५ कडे प्रभावाचा बाण काढायचा. काढू नका. दोन लेखनांत साम्य दिसणं आणि एकावरून दुसरं येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, व्हायवामध्ये पहिला प्रश्न यावरच येतो. मुक्ताच्या शाळेकडे जाणारी वाट शोधायची तर ती पॅरिसहून नाही, नगरहून जाते. जोतिरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, त्याआधी त्यांनी नगरला मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली होती.

आता मी शीर्षकं शोधत नाही, अंक पानोपान चाळतो. वेळ भयंकर जातो. सिनॉप्सिसमधलं '१८८२ पासून' मात्र खोडलंय.