घरासाठी एक तास

दसरा जवळ आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत दोन वास एका दिवसात येतात. सकाळी कपाशीच्या शेतांकडून फवारणीचा उग्र वास आणि संध्याकाळी, मगरिबच्या सुमारास, घराघरांतून लसणाच्या फोडणीचा. या दुसऱ्या वासाबद्दल लिहायला बसले आहे. पण पहिल्याला वगळून ते लिहिता येत नाही, हे सुरुवातीलाच सांगते.

आमच्याकडचा शरद ऋतू म्हणजे कामाचा ऋतू. सोयाबीनची सोंगणी सुरू होते. कपाशीची बोंडं फुटू लागतात आणि पहिल्या वेच्यासाठी बायका ओटी बांधून शेतात उतरतात. दुपारचं ऊन वैशाखालाही लाजवेल असं, आणि रात्री अंगावर चादर ओढावीशी वाटते. सकाळी सातला घर सोडलेली बाई संध्याकाळी परत येते तेव्हा तिच्यापाशी स्वयंपाकाला जेमतेम तासभर असतो. म्हणूनच या दिवसांतलं आमचं जेवण साधं असतं. ज्वारीची भाकर, एक भाजी, ठेचा, आणि असलीच तर जवसाची चटणी. दस्तरख्वानवर चार पदार्थ नसतात, पण माणसं सगळी असतात.

साधं असलं तरी ते गरीब नसतं. जुन्या पेरणीत कपाशीच्या कडेनं किंवा मध्येमध्ये घरासाठी काहीतरी टाकलेलं असायचंच. बरबटी, मूग, उडीद, भेंडी, वायकं, बांधावर कोहळ्याचा वेल आणि काठाला अंबाडी. आमच्या वऱ्हाडात पेरणीच्या ओळीला तास म्हणतात. बरबटी आली की वडे व्हायचे, कोहळं पिकलं की गूळ घालून बोंडं तळली जायची. शेजारी ती दिवाळीच्या सुमारास करत, आमच्याकडे कुणी पाहुणा आला की करत. रानातली सीताफळं पोरं पिशवीत भरून आणत, कोठीतल्या धान्यात दडवत आणि रोज दाबून दाबून पाहत. अर्धी तर पिकायच्या आधीच संपत. हे सगळं विकत आणलेलं नव्हतं. सासूबाई म्हणत, "कापूस सावकाराचा, सोयाबीन दुकानदाराचं, हा एक तास तेवढा आपल्या घराचा."

या सगळ्यांत अंबाडीचा मान मोठा. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही तिला अंबाडी म्हणतो. नदी ओलांडून आदिलाबादकडे गेलं की तीच आंबट पालेभाजी गोंगुरा होते आणि तिथल्या दखनी बोलणाऱ्या घरांत अंबाडा. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, पण या भाजीला नदीची हद्द कधी कळली नाही. शेजारच्या काकूंच्या घरी ती कण्या घालून घोटली जाते, आमच्याकडे तशीही होते आणि घरी पाहुणे असले तर गोश्तातही पडते. झाडाला बारीक काटे असतात, फूल पिवळं आणि मधोमध गर्द लाल. दिवाळीनंतर झाडं कापून, पेंढ्या बांधून नाल्याच्या पाण्यात बुडवून ठेवत आणि कुजलेल्या सालीतून वाख काढत. त्याच वाखाचे दोर बैलांसाठी वळले जात. एका झाडात घरची भाजीही होती आणि गोठ्यातला दोरही.

अंबाडीची भाजी, आमच्या घरची

पाच-सहा माणसांसाठी अंबाडीची पानं साधारण अर्धा किलो घ्यावीत. ज्वारीच्या कण्या अर्धी वाटी, तूरडाळ पाव वाटी, हिरव्या मिरच्या पाच-सहा, लसणाच्या पंधरा पाकळ्या, तीन-चार सुक्या मिरच्या, हळद, मीठ आणि तेल. कण्या आणि डाळ धुऊन अर्धा तास भिजवावी आणि वेगळी मऊ शिजवून घ्यावी. आंबटात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून पानं आधी घालायची नाहीत. पानं तीन-चार पाण्यांनी धुऊन दुसऱ्या भांड्यात पाच-सात मिनिटं उकळावीत, पाणी काढून टाकावं आणि हलक्या हातानं पिळावीत. ज्यांना आंबट आवडतं त्यांनी कमी पिळावीत. मग पानं, डाळ-कण्या, वाटलेली हिरवी मिरची, हळद, मीठ एकत्र करून घोटावं आणि मंद आचेवर दहा मिनिटं ठेवावं. भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्यावं. पितळेचं असेल तर त्याला कल्हई हवी.

खरी गंमत फोडणीत आहे. तेलात ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत परतायचा, त्यात सुक्या मिरच्या टाकायच्या. अर्धी फोडणी भांड्यात ओतायची आणि अर्धी वाटीत ठेवायची. ती ज्यानं त्यानं आपल्या ताटात घ्यायची. गोश्तात घालायची असेल तर गोश्त आधी पूर्ण गळू द्यावं आणि मगच उकडलेला पाला घालावा.

ही भाजी कमी प्रमाणात करताच येत नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. एक वाटी काकूंकडे जायची, एक पलीकडच्या म्हाताऱ्या खालांकडे. रस्सा करताना पाणी थोडं वाढवावं आणि शेजाऱ्याची आठवण ठेवावी, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना दिली होती. आमच्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण ही हदीस त्यांनी पातेल्यावर आयुष्यभर गिरवली. काकूंकडून वाटी कधी रिकामी परत आली नाही. कधी त्यात सांबार असायचा, कधी लिंबं, कधी चार बरबटीचे वडे.

ज्या दिवशी भाजी फेकली गेली

अन्नाचा कण वाया घालवणं ज्यांना गुन्ह्यासारखं वाटे, त्या सासूबाईंनी एक दिवस भाजीचं भरलेलं पातेलं खड्ड्यात ओतलं. ते २०१७ साल होतं.

त्या वर्षीचा सप्टेंबर-ऑक्टोबर यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. कपाशी डोक्याच्या वर गेली होती. अशा उंच पिकात पाठीवर पंप घेऊन फवारणी करताना औषध पिकापेक्षा माणसाच्या अंगावर अधिक पडत होतं. किडीनं हैराण झालेले लोक दोन-तीन औषधं एकत्र मिसळून मारत होते. जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २०हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. चौकशीसाठी राज्य सरकारला विशेष पथक नेमावं लागलं.

आमचे धाकटे दीर त्या दिवसांत एका संध्याकाळी शेतातून आले ते डोळे चोळतच. समोरचं धूसर दिसतंय, डोकं दुखतंय म्हणाले आणि ओट्यावरच उलटी झाली. रात्रीच त्यांना दवाखान्यात नेलं. अल्लाहची कृपा, ते चार दिवसांनी घरी परतले. पण त्या रात्री चुलीवर जी भाजी होती, ती त्याच शेताच्या काठची होती. सकाळी खुडलेली. सासूबाई बराच वेळ पातेल्याकडे पाहत बसल्या. मग उठल्या आणि ते बाहेर घेऊन गेल्या. पुढे वर्षभर आमच्या घरी अंबाडी शिजली नाही.

त्यांचं काही चुकलं का? मी नंतर याबद्दल कृषी विभागाच्या लोकांना विचारलं, माहितीपत्रकं वाचली. जे समजलं ते प्रत्येक शेतकरी घरातल्या बहिणीनं जाणून घ्यावं असं आहे.

पहिली गोष्ट. काही कीटकनाशकं पानावर बसून राहतात, ती धुण्यानं बरीचशी जातात. पण आंतरप्रवाही औषधं झाडाच्या आत शिरतात. ती तीन पाण्यांनीच काय, तीस पाण्यांनीही धुतली जात नाहीत.

दुसरी गोष्ट. फवारणीनंतर किती दिवसांनी पीक काढावं हे औषधाच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं, पण ते त्या ठरावीक पिकासाठी. कपाशीच्या औषधाच्या कागदावर अंबाडीचं नाव नसतं.

तिसरी गोष्ट तर विचार करायला लावणारी आहे. मोनोक्रोटोफॉस हे औषध भाजीपाल्यावर वापरायला आपल्या देशात २००५ पासून बंदी आहे. कपाशीवर मात्र ते मारलं जात राहिलं. आता कपाशीच्या काठाला उभी असलेली अंबाडी कायद्यानं भाजी आहे, पण फवाऱ्याला ती वेगळी ओळखता येत नाही.

कुरआननं आपल्याला हलाल खायला सांगितलं, तिथेच तय्यिबही सांगितलं. तय्यिब म्हणजे चांगलं, शुद्ध. हलालची चौकशी आपण कसोशीनं करतो. गोश्त कुठून आणलं, कमाई कशी आहे, हे विचारतो. पण ताटातला पाला तय्यिब आहे का, हे आपल्यापैकी किती जणी विचारतात?

पुन्हा एक तास

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये पहिला पाऊस पडला तेव्हा सासूबाईंनी लुगड्याच्या पदरात बांधलेलं मूठभर बी बाहेर काढलं. शेतात नाही, घरामागच्या न्हाणीजवळच्या जागेत त्यांनी स्वतः ते टाकलं. एक तास अंबाडीचा, एक बरबटीचा, कुंपणावर कोहळ्याचा वेल. सगळ्यांना बजावलं, इथे पंप आणायचा नाही. कीड पडली तर पडू द्या, अर्धी तिला, अर्धी आपल्याला. आज त्या नाहीत. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. त्यांचा तास मात्र दरवर्षी उगवतो.

एकट्या कपाशीनं आणि सोयाबीननं शेत भरून गेलं, तशी घरची भाजी बाजारावर गेली. नगदी पीक सोडा असं मी म्हणत नाही, त्यावरच आमच्या मुलांच्या शाळेची फी अवलंबून आहे. मागणं एवढंच आहे की घराला त्याचा तास परत द्यावा. कपाशीपासून लांब, घरामागे, विहिरीपाशी, वाऱ्यानं फवारा येणार नाही अशा जागी. अंबाडीसाठी पुढच्या जूनची वाट पाहावी लागेल, पण मेथी, पालक, सांबार, लाल माठ, लसूण आत्ता लावता येतो. मेथी महिन्याभरात ताटात येते. यवतमाळ, पुसद, वणीसारख्या शहरांत राहणाऱ्या बहिणींना गच्चीवरची चार कुंडीही पुरे. अंबाडीची चार-पाच झाडं बियांसाठी खुडल्याशिवाय सोडावीत, म्हणजे बी विकत घ्यावं लागणार नाही.

आणि जोवर फवारणी होतेच आहे, तोवर घरातल्या बाईनं काही गोष्टींचा हट्ट धरावा. डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल सगळ्यात विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा आणि हिरवा. औषधं एकमेकांत मिसळू देऊ नयेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून किंवा उपाशीपोटी कुणाला फवारू देऊ नये. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. माणूस अंघोळ केल्याशिवाय जेवायला बसू नये आणि लेकरांनी त्याआधी त्याच्या अंगाशी झोंबू नये. रिकामा डबा पाण्यासाठी किंवा धान्यासाठी कधीही वापरू नये. डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम, धूसर दिसणं यांतलं काहीही झालं तर लिंबू-पाणी पाजत न बसता औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

पीक हाती येईल त्या दिवशी त्याचा हक्क द्यावा आणि उधळपट्टी करू नये, असं सूरह अल्-अनआममध्ये सांगितलं आहे. आमच्यासारख्या पावसावरच्या शेतीला दहावा हिस्सा उश्र आहे, ओलिताच्या शेतीला विसावा. त्या धान्याच्या पायलीसोबत एक जुडी घरच्या भाजीचीही जावी. आणि जे पेरलं त्यातून माणसानं, पाखरानं किंवा जनावरानं जे खाल्लं ते पेरणाऱ्याच्या नावे सदका ठरतं, अशी खूशखबर हदीसमध्ये आहे. सासूबाईंनी किडीला दिलेली अर्धी भाजीही त्यात धरली जावो.

परवा संध्याकाळी माझी लेक परडी घेऊन घरामागे गेली. काटे टोचले म्हणून कुरकुरत परत आली, पण शेंडे तिनं बरोबर कोवळे खुडले होते. मगरिबची नमाज झाली, दस्तरख्वान अंथरलं. दीर शेतातून आले, अंघोळ करून बसले. भाकरी गरम होत्या. बिस्मिल्लाह म्हणून सगळ्यांनी हात लावला आणि फोडणीच्या वाटीवरून मुलांची नेहमीची भांडणं सुरू झाली. जेवण उरकायला तासभर लागला. घाई कुणालाच नव्हती. निघता निघता लेकीनं विचारलं, "काकूंची वाटी मी नेऊ?"

म्हटलं, "ने. आणि गरम आहे, पदरानं धर."

ती ओढणीत वाटी धरून अंगण ओलांडून गेली. परत आली तेव्हा वाटीत सांबार होता.