कापडामागील श्रम : अन्वेषणाची दिशा

परभणी जिल्ह्यातील मानवत, सेलू येथील बाजारपेठांतून कापूस जिनिंग कारखान्यांत जातो. तेथे अनेक शेतकऱ्यांचा माल एकत्र होऊन १७० किलोंच्या गाठी बांधल्या जातात. पुढे सूत, विणाई, रंगाई व शिलाई हे टप्पे ओलांडून सदरा तयार होतो, तेव्हा त्यावर विक्रेत्या कंपनीचे नाव तेवढे उरते. अमुक कंपनी पिळवणुकीच्या श्रमांवर विसंबून आहे काय, या प्रश्नाचा विचार करताना कोणत्या टप्प्याविषयी आपण बोलत आहोत, हे प्रथम निश्चित केले पाहिजे.

दुसरी गोष्ट व्याख्येची. ब्रिटिश उमरावसभेच्या समितीने १८९० साली अशा श्रमपद्धतीची तीन लक्षणे सांगितली : अपुरी मजुरी, अतिरिक्त तास व अनारोग्यकारक जागा. त्याच वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ही लक्षणे आजही उपयुक्त आहेत, कारण ती मोजता येतात.

पुरावा दोन प्रकारचा असतो. कंपन्यांच्या अहवालांत बहुधा थेट पुरवठादारांची नावे आढळतात. त्यांनी पुढे दिलेले पोटकंत्राट मात्र दिसत नाही. ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून अकराशेहून अधिक माणसे मृत्यू पावली; तेव्हा कोणत्या कंपन्यांचे कपडे तेथे शिवले जात होते, हे ढिगाऱ्यात सापडलेल्या लेबलांवरून शोधावे लागले.

दुसरा पुरावा मजुराच्या तोंडचा. येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘तुमच्यावर सक्ती होते काय?’ या प्रश्नास सहसा ‘नाही’ असेच उत्तर येते. त्याऐवजी उचल किती घेतली, ती फिटली काय, काम रोजाने की उक्ते, खाडा झाल्यास काय कापतात, असे विचारावे. ‘उचल’ हा शब्द गंगाखेडकडील ऊसतोड कुटुंबांना पूर्ण परिचित आहे. उचलीपोटी काम सोडण्याचे स्वातंत्र्य गेले, तर १९७६ च्या कायद्यानुसार ती वेठबिगारी ठरते. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबविणे हे संविधानाच्या अनुच्छेद २३ चे उल्लंघन होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला आहे.

अशी उत्तरे मुकादमासमक्ष घेऊ नयेत व नावानिशी छापू नयेत. अन्वेषकाचा प्रबंध पूर्ण होतो. मजुराला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच दारात कामासाठी उभे राहावयाचे असते.