डोंगराची नोंद कोणाच्या वहीत?

भूप्रदेशाचे चित्रण हा विषय निघाला, की सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे चित्रशाळेची भिंत उभी राहते. त्या भिंतीवर आता केवळ रंगचित्रे नसतात. मुलूख पायी हिंडून केलेली टिपणे, पडद्यावर संथपणे सरकणारी चलच्चित्रे, घरांचे आराखडे आणि ग्रंथ यांचीही प्रदर्शने भरतात. हा सारा उद्योग शहरी रसिकांच्या विरंगुळ्याचा, असा सर्वसाधारण समज आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्याकडे पाहिले म्हणजे हा समज किती अपुरा आहे, हे ध्यानी येते.

माणिकगडच्या पहाडावर वसलेल्या या तालुक्यात गोंड व कोलामांचे गुडे आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत आणि मराठवाड्यातून पोटासाठी आलेली कुटुंबेही आहेत. हा मुलूख एके काळी निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात, राजुरा तालुक्यात मोडत असे. राज्यपुनर्रचनेत १९५६ साली राजुरा नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. सीमेची रेघ मात्र वादातच राहिली. परमडोली, मुकदमगुडा यांसारख्या सीमेवरील १४ गावांवर महाराष्ट्राने व शेजारच्या राज्याने हक्क सांगितला आणि तेथील रहिवाशांनी दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिका बाळगल्या. नकाशा काढणारा हात आपला नसला म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पायी हिंडून केलेल्या नोंदीचे मोल याच परिसराने पूर्वी अनुभवले आहे. १९४० साली जोडेघाटला कुमरम भीमू मारला गेला. त्यानंतर क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने आदिलाबादचा गोंड मुलूख पायाखाली घातला. घरे, देवस्थाने, शेते यांची त्याने टिपणे केली आणि छायाचित्रे घेतली. त्यातून निजाम सरकारला अहवाल गेले, अनेक आदिवासींना जमिनीचे पट्टे मिळाले आणि १९४८ साली राजगोंडांवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नोंदीतून न्याय मिळू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु ती छायाचित्रे आज लंडनच्या एका विद्यापीठीय संग्रहात आहेत. ज्यांच्या अंगणात ती घेतली गेली, त्यांच्या नातवंडांपैकी किती जणांनी ती पाहिली असतील?

दगडाला आपली साक्ष आपणच देता येते. गडचांदूरजवळचा माणिकगड पडझड होऊनही उभा आहे. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाची स्वच्छता २०१७ साली इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी हाती घेतली, कारण झाडाझुडपांखाली का होईना, तट शिल्लक होता. कुडाच्या घराचे तसे नाही. वस्ती हलली की चार पावसाळ्यांत त्याची माती होते. वारसा म्हणजे दगडी बांधकाम, अशी व्याख्या एकदा पत्करली, की गरिबाच्या वास्तूला इतिहास उरत नाही.

हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत पुरावा म्हणून घरे, झोपड्या, बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब यांना स्थान आहे. म्हणजे चित्रकार व वास्तुविशारद ज्यांची रेखाटने करतात, तीच स्थळे येथे दाव्याचा आधार ठरतात. अर्थव्यवहाराचा रोकडा नियम असा, की ज्याची नोंद नाही त्याची किंमत शून्य धरली जाते. अर्थात नोंदीने सर्वच प्रश्न सुटतील असे नाही. बिगर-आदिवासी दावेदारास तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो आणि उशिरा आलेल्या कुटुंबांना ही अट अडसर ठरते. त्यांच्या बाबतीत धोरणाचाच विचार करावा लागेल.

ओडिशाचा अनुभव या संदर्भात मार्गदर्शक ठरावा. खाणी व कारखान्यांसाठी मागितलेल्या जमिनी अमर कंवर या चित्रपटकाराने त्या नाहीशा होण्यापूर्वी चित्रित केल्या. भाताच्या देशी वाणांचे बियाणे, हस्तनिर्मित पुस्तके व चित्रपट यांचे त्याचे प्रदर्शन २०१२ साली जर्मनीतील कासेल येथे मांडले गेले. तथापि महत्त्वाची गोष्ट ही, की त्याच वर्षी ते भुवनेश्वरलाही उघडले आणि ज्यांच्या भूमीविषयी ते होते, त्यांना पाहता आले.

जिवतीला असे प्रदर्शन भरवायला मोठा निधी लागणार नाही. ग्रामसभांनी पुढाकार घ्यावा. परिसरातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी गुड्यातील वृद्धांबरोबर शिवार पायी फिरून वाटा, पाणवठे, घरांची बांधणी यांची टिपणे व चित्रफिती तयार कराव्यात. नोंद एकतर्फी ठरू नये म्हणून शेजारच्या गावालाही फेरीत सामील करून घ्यावे. जे देवस्थान दाखवायचे नाही असे गाव म्हणेल, तेथे कॅमेरा बंद ठेवावा. मूळ प्रत ग्रामसभेच्या दप्तरी राहावी, नक्कल महाविद्यालयाने न्यावी आणि पहिले प्रदर्शन जिवतीच्या बाजारच्या दिवशी मांडावे. पुण्या-मुंबईच्या दालनांत ते पुढे जाईलच. आपल्या डोंगराचे वर्णन बरोबर आहे की चूक, हे सांगण्याचा पहिला मान मात्र पहाडावरच्या माणसाचा आहे.