रंगांधळेपणा : तपासणी इतकी उशिरा का?

रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या परीक्षेचे सगळे टप्पे पार पडलेले असतात. त्यासाठी दोन-तीन वर्षे अभ्यासिकेत गेलेली असतात, क्लासची फीही भरून झालेली असते. मग वैद्यकीय तपासणीच्या दिवशी रंगीत ठिपक्यांचे एक पुस्तक समोर येते. ‘यात कोणता आकडा दिसतो?’ बावीस-तेवीस वर्षांच्या उमेदवाराला एकतर आकडाच दिसत नाही, किंवा दिसतो तो भलताच. आपल्याला रंगांधळेपणा आहे हे अनेक तरुणांना आयुष्यात पहिल्यांदा अशा टेबलासमोर कळते. घरच्यांचा तर विश्वासच बसत नाही. बसणार कसा? मुलाला चष्मा नाही, लांबची पाटी तो सहज वाचतो, क्रिकेट खेळतो.

निम्मा गैरसमज नावातच आहे. रंगांधळा म्हटले की जग काळे-पांढरे दिसत असेल असे वाटते. तसे दिसणारी माणसे फारच थोडी. बाकीच्यांना रंग दिसतात. काही रंगांतला फरक तेवढा कळत नाही.

डोळ्याच्या मागच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, रंग टिपणाऱ्या शंकुपेशी असतात. त्यांचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतो. तिघांकडून आलेल्या संदेशांची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. लाल आणि हिरव्यातला फरक करायला यांतले दोन प्रकार लागतात. त्यांतला एक नसेल, किंवा त्याचे रंगद्रव्य दुसऱ्यासारखेच असेल, तर तुलना करायला काही उरत नाही. मग लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी एकमेकांत मिसळतात. गुलाबी राखाडी वाटतो, जांभळा निळा वाटतो.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन याने १७९४ मध्ये स्वतःच्याच अशा दृष्टीवर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा, असा त्याचा तर्क होता. मृत्यूनंतर डोळा उघडून पाहिला, तर द्रव स्वच्छ निघाला. डोळ्याचे जपून ठेवलेले अवशेष १९९५ मध्ये जनुकीय तपासणीला गेले, तेव्हा मध्यम तरंगलांबीच्या शंकुपेशींचे जनुकच त्याच्याकडे नव्हते असे दिसले.

ही जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एक्स मिळतो तो आईकडून, आणि तो एकच असतो. त्यात दोष असेल तर भरपाई करायला दुसरा नसतो. मुलीला दोन असतात, म्हणून तिच्या दृष्टीत सहसा काही जाणवत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, स्त्रियांत जेमतेम अर्धा टक्का. भारतीय पुरुषांत ते त्याहून कमी आढळते. वडिलांकडून हा दोष मुलाला येत नाही. म्हणून चौकशी करायची ती आजोळी : मामाला, आईच्या वडिलांना असे काही होते का? यात आईला बोल लावण्याचे काही कारण नाही, हेही घरच्यांना सांगावे लागते.

जन्मापासून असल्यामुळे मूल स्वतःच युक्त्या शोधते. खडूच्या वेष्टनावरचे नाव वाचून रंग उचलते. सिग्नलचा वरचा दिवा लाल आणि खालचा हिरवा, हे जागेवरून ओळखते. मिरचीच्या रोपातली पिकलेली मिरची मात्र त्याला चटकन सापडत नाही. काही ठिकाणी या युक्त्या चालत नाहीत. रात्री दूरवर रेल्वेचा सिग्नल म्हणजे फक्त प्रकाशाचा एक ठिपका. घरांच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल तार फेजची आणि हिरवी अर्थिंगची. तिथे गफलत झाली तर जीवावर बेतते. शौचातले रक्तही अशा माणसाच्या नजरेतून निसटू शकते.

जन्मजात दोष वाढत नाही. पण आधी नीट दिसणारे रंग मोठेपणी फिके पडू लागले, तर ती गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर. आपल्याकडे याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे क्षयरोगावरील एथॅम्ब्युटॉल हे औषध. औषध उपयुक्त आहे, पण काही रुग्णांत ते डोळ्याच्या नसेला इजा करते. लाल रंग विटल्यासारखा दिसणे ही त्याची सुरुवातीची खूण असू शकते. वेळीच थांबवले तर दृष्टी बऱ्याचदा सुधारते, उशीर झाला तर कायमची जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना हा धोका जास्त. अशा रुग्णांनी एकेक डोळा झाकून लाल वस्तूकडे अधूनमधून पाहावे. फरक वाटला तर क्षयरोगाच्या सगळ्या गोळ्या आपल्या मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पावसाळी अंधारामुळे असेल, म्हणून आठवडा घालवू नये.

जन्मजात रंगांधळेपणावर आज औषध नाही. विशिष्ट रंगांच्या काचांचे महागडे चष्मे मिळतात. त्यांनी काहींना काही छटा वेगळ्या जाणवतात, पण नसलेली शंकुपेशी तयार होत नाही. भरतीच्या तपासणीत ते लावून बसता येईल या आशेवर पैसे घालवू नयेत.

दारे मात्र थोडी उघडली आहेत. सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना २०२० पासून वाहन परवाना मिळू शकतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या एका विद्यार्थ्याला याच कारणावरून प्रवेश नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये संस्थेचे सर्वच अभ्यासक्रम अशा विद्यार्थ्यांना खुले करायला सांगितले. रेल्वेचे इंजिन चालवणे, विमान उडवणे अशा कामांत कडक निकष राहणारच आणि ते राहावेतही. प्रश्न आहे तो मुलाला ते कधी कळते याचा. बाराव्या वर्षी कळले तर वाट बदलता येते. बावीसाव्या वर्षी तयारीत गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

ठिपक्यांची ही चाचणी जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. तिला पाच मिनिटे पुरतात. पाचवी-सहावीत एकदा ती नेत्ररोग विभागात, चांगल्या उजेडात, छापील पुस्तकावर करून घ्यावी. मोबाइलच्या पडद्यावर रंग बदलतात, त्यामुळे तिथला निकाल धरून चालू नये. ज्या मुलांना आकडे अजून येत नाहीत त्यांच्यासाठी त्याच पुस्तकात वळणावळणाच्या रेषांची पाने असतात. मुलाने बोट फिरवून रेष दाखवायची असते.